पान दोनशे अकरा

आमच्या गावात वाचनालय नव्हतं. गिरणी होती. मी आज जे काही वाचतो-लिहितो, त्याचं श्रेय शाळेला न देता पिठाला देतो ते त्यामुळेच.

गिरणी चालवणाऱ्या काकांना सगळे गिरणीकाकाच म्हणत. भुवयांपासून चपलांपर्यंत माणूस बारा महिने पांढरा. अंघोळ करून कुठे आले की लोक विचारत, "पाहुणे कुठले?" पट्ट्याच्या खडखडाटात तीस वर्षं काढल्यामुळे त्यांना एक विद्या आली होती. समोरच्याचे नुसते ओठ बघून ते बोलणं ओळखत. गिरणी धडधडत असताना कोपऱ्यात कुणी बाई शेजारणीला म्हणाली, "पीठ जाडं काढतो मेला," की काका तिकडून शांतपणे सांगत, "मेला अजून आहे. बारीक करून देतो."

पूर्वी नंबरासाठी पुठ्ठ्याचे तुकडे होते. लोक ते खिशात घालून घरी नेत आणि कपड्यांबरोबर धुऊन टाकत. मग एका थंडीत काकांकडे रद्दीतून एक कादंबरी आली, बिनकव्हराची, शिवण उसवलेली, पानं सुटी. काकांनी तिलाच कामाला लावलं. डबा ठेवला की एक पान हातात, पानाचा आकडा तोच नंबर, पीठ नेताना पान परत. वाचायला मिळतंय म्हटल्यावर पान कुणी हरवेना. अडचण एकच, पानाला दोन बाजू.

"माझा छत्तीस, तुमचा पस्तीस," असं म्हणत एक गृहस्थ स्वतःशीच भांडू लागले, तेव्हा काकांनी विषम आकडाच धरायचा असं ठरवून टाकलं. त्यात आज थांबलं तिथून उद्या पुढे. त्यामुळे परगावचा माणूस हातातला एकशे एकोणीस बघून हादरायचा. पुढे डबे असायचे दोन.

मी तेव्हा चौथीत होतो. आईला दळणाची आठवण मीच करून द्यायचो, यावरून तिला माझ्या तब्येतीची काळजी वाटू लागली होती. बाहेर बोटं गारठलेली, आत गिरणीची ऊब. नुकत्याच दळलेल्या कुणाच्या तरी डब्याला पाठ लावून बसायचं, म्हणजे पाठीचं थेट लोणी व्हायचं. आपलं पान वाचून झालं की शेजारच्याशी बदलायचं. माझी गोष्टींची गोडी अशी पाठीकडून आत शिरली.

वजनकाट्यावर काकू बसत. आलेली पानं दुपारी गिरणी बंद असताना त्या काकांना वाचून दाखवत. फक्त त्या दिवशीची. पुढचं पान उलटायचं नाही.

"एकदम वाचून टाकलं तर थंडीभर काय एकमेकांची तोंडं बघायची?" असं त्यांचं म्हणणं.

कादंबरीतल्या मुलीला दोन स्थळं होती, एक वकील आणि एक कारकून. काकूंचा जीव वकिलावर, काकांचा कारकुनावर.

"वकील बोलतो किती छान," काकू म्हणत.

"बोलतो म्हणजे काय, धंदाच आहे त्याचा. कारकून बघ, गरीब बिचारा."

"गरीब नाही, घुम्या. मला घुम्या माणसाचा तीस वर्षांचा अनुभव आहे."

तीन आठवड्यांनी गोष्ट स्टेशनवर पोचली. मुलीच्या हातात दोन तिकिटं, गाडी हललेली, आणि मागून कुणीतरी तिचा हात धरतं. पान दोनशे दहा संपलं. दोनशे अकरा हे शेवटचं पान, आणि ते आलं हेडसरांच्या वाट्याला.

हेडसर म्हणजे आमचे निवृत्त मुख्याध्यापक. कादंबऱ्यांनी पोरं बिघडतात, हे त्यांनी तीन पिढ्यांना छडीनिशी शिकवलेलं. चिमटीत मेलेलं झुरळ धरावं तसं त्यांनी ते पान धरलं आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्यामागे माझा नंबर, आणि माझ्या हाती पुन्हा पान एक. पीठ नेताना काकांनी त्यांच्याकडे पान मागितलं तर हेडसर म्हणाले, "कुठलं पान? मी असल्या गोष्टी हातात ठेवत नाही."

खरंच ठेवलं नव्हतं. कुणी बघेल म्हणून त्यांनी ते डब्यात धान्याखाली खुपसलं होतं, आणि काकांनी डबा गिरणीत रिकामा केला होता. संध्याकाळी आमचं पीठ चाळताना आईला कागदाचा कीस सापडला. एका कपचीवर "ती" एवढंच शिल्लक होतं.

मी ती कपची काकूंना नेऊन दिली. कौतुक होईल असं वाटलं होतं. काकूंनी ती बघितली, मग काकांकडे बघितलं.

"वकील येणार हे दिसलं, म्हणून दळून टाकलंत?"

"अगं, मी कशाला..."

"तीस वर्षांत एक गोष्ट माझ्या मनासारखी होणार होती."

आणि काकूंनी अबोला धरला. वजनसुद्धा बोटांनी सांगू लागल्या. काका चार दिवसांत निम्मे झाले. आवाजात आयुष्य काढलेल्या माणसाला घरातली शांतता सोसेना.

पाचव्या दिवशी हेडसर पुन्हा डबा घेऊन आले. मी होतोच. काका सहज म्हणाले, "सर, ते पान गेलं ते बरंच झालं. नाहीतरी शेवटी वकील आणि कारकून दोघं दरीत पडून मरतात म्हणे."

"कोण म्हणतं? स्टेशनवर दरी कुठून येईल?" हेडसर म्हणाले, आणि मग त्यांना आपलं काय झालं ते कळलं.

काका डबा हातात धरून उभे राहिले. हेडसरांनी दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "गिरणी सुरू करा," ते हळूच म्हणाले.

काकांनी पट्टा चढवला. त्या धडधडाटात हेडसर दहा-बारा वाक्यं बोलले. बोलता बोलता त्यांनी डोळेही पुसले, पीठ गेलं असावं. शेवटचा शब्द बोलताना त्यांच्या मिशा पुढे आल्या आणि ओठांचा चंबू झाला.

काका तसेच काट्याकडे गेले. "अगं, वकीलच आला," म्हणाले. "पळत आला. तू म्हणत होतीस तसंच."

"मी सांगत नव्हते?" काकू म्हणाल्या, आणि पाच दिवसांचं साठलेलं एकदम सुरू झालं. पळताना त्याचा कोट कुठल्या रंगाचा होता, हेही त्यांनीच काकांना सांगितलं.

मी घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो. "वकील" म्हणून बघितलं. ओठ कानांकडे जातात. "कारकून" म्हटलं. ओठांचा चंबू.

परवा सुट्टीत गिरणीत गेलो होतो. काकू काट्यावरून नातीला वकिलाची गोष्ट सांगत होत्या. मी काकांना बाजूला घेऊन विचारलं, "काका, खरं सांगा. हेडसर 'कारकून' म्हणाले होते ना?"

काकांनी भुवयांवरचं पीठ झटकलं.

"काय की रे," ते म्हणाले, "गिरणीच्या आवाजात नीट कळलं नाही."