माझ्या मागे जे आहे

माझा मामा उलटा चालत होता. आमच्याकडे तोंड, रस्त्याकडे पाठ, हातवारे जोरात, आवाज चढलेला. त्याच्या पाठीमागे काय झालंय ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं, एकट्या त्याला दिसत नव्हतं. मला ओरडायचं होतं, पण तोंडातून शब्दच फुटेना.

पण आधी मामा कोण ते सांगायला हवं, नाहीतर तो उलटा का चालत होता इथेच तुम्ही अडाल.

मामा त्या मोठ्या हॉटेलात कामाला होता. ज्याच्या दारातून आत जाताना आपल्या चपला आपल्यालाच मळकट वाटतात, तसलं हॉटेल. पाहुण्यांना आसपासची ठिकाणं दाखवणं हे त्याचं काम. हॉटेलातून निघायचं, म्युझियम, मग नदीवरचा दगडी पूल, आणि शेवटी हॉटेलच्या मागच्या भिंतीला लागून असलेलं जुनं लाकडी नाट्यगृह. सगळं पायी. आणि ही सगळी वाट मामा पाहुण्यांकडे तोंड करून उलटा चालायचा. प्रत्येक ठिकाणाची सुरुवात ठरलेली, "मंडळी, माझ्या मागे जे आहे..."

घरात त्याला सगळे उलटा मामाच म्हणायचे. मामी म्हणायची, "यांच्याशी भांडण्यात एक सोय आहे. रागावून निघून गेले तरी तोंड आपल्याकडेच असतं."

कधी पडला नाही. मी लहानपणी विचारलं होतं, "मामा, तुला मागचं कसं दिसतं रे?"

"पाहुण्यांच्या तोंडावर दिसतं. मागे खड्डा असला की त्यांचे डोळे मोठे होतात. सायकल आली की सगळे एकदम एकीकडे बघतात. माणसाचं तोंड वाचता आलं की झालं, पाठीला डोळे कशाला हवेत?"

या गोष्टीचा त्याला भारी गर्व होता. कुणाचंही तोंड वाचतो म्हणायचा, आणि आम्हीही मान डोलवायचो.

नाट्यगृहाचं प्रकरण मात्र वेगळं होतं. तिथे आजोबा, म्हणजे मामाचे आणि माझ्या आईचे वडील, पडदा ओढायचे. त्यांचा एकच नियम होता, टाळी ऐकू आल्याशिवाय दोराला हात लावायचा नाही. मामा लहानपणी त्या दोराच्या वेटोळ्यावर बसून नाटकं बघायचा, आणि तिथेच झोपूनही जायचा. पुढे नाटकं बंद पडली, आजोबा गेले, पण दाराची किल्ली मामाकडेच राहिली. पाहुण्यांना तो दाराबाहेर उभं करायचा, टाळ्या वाजवायला लावायचा, आणि टाळ्या पडल्या की वळून कुलूप उघडायचा. मग आतल्या बाकांवर सगळ्यांना बसवून स्वतः पडदा ओढायचा. त्यामागे रिकामं स्टेज. तेवढंच. पण लोक भारावून जायचे म्हणे.

हॉटेलला ती जागा गाड्या लावायला हवी होती. जागेचा मालक तर विकायला एका पायावर तयार होता. मामाचं म्हणणं असं, की जिथे रोज माणसं येतात ती जागा पाडायला कोणाचा हात धजत नाही. "मी पाहुणे नेतोय तोवर ते उभं आहे," असं तो छातीठोकपणे सांगायचा. आम्ही हसायचो. पण वर्षं गेली आणि ते खरंच उभं होतं, मग आमचं हसणं बंद झालं.

आणि मग मामाच्या छातीत कळ आली. दवाखाना, त्यानंतर घरी अंथरूण. डॉक्टरांनी बजावलं की यांना कसलाही धक्का बसता कामा नये. मामेबहीण, म्हणजे आमची ताई, त्याच हॉटेलात पुढच्या टेबलावर बसते, येणाऱ्या पाहुण्यांना खोल्या देते. ती संध्याकाळी घरी आली की मामाचा पहिला प्रश्न, "नाट्यगृह?"

"आहे हो बाबा जागेवर. तुमची वाट बघतंय," ती हसून सांगायची. मामा तिच्या तोंडाकडे बघायचा आणि निवांत कूस बदलायचा.

तो बरा होऊन पुन्हा कामावर गेला त्या दिवशी मी मुद्दाम गावाहून आले होते. "आयुष्यभर मामाच्या घरी सुट्ट्या काढल्यास," तो म्हणाला, "एकदा मामाचं काम तरी बघ." म्हणून मीही पाहुण्यांच्या घोळक्यात सामील झाले. निघताना ताई टेबलामागून उठून आली.

"बाबा, आज म्युझियम आणि पूल एवढंच करा. नाट्यगृहाचा रस्ता खोदलाय. उगीच दम लागेल."

"बरं बरं," मामा म्हणाला, आणि मला डोळा मारला. "आईवर गेलीय. काळजी करायला हिला कारण लागत नाही."

म्युझियममध्ये दोनचार माणसं कानात माहिती सांगणारी यंत्रं घालून एकेकटी हिंडत होती. यंत्र बोलेल तिकडे वळायची, थांब म्हणेल तिथे थांबायची. मामा माझ्या कानाशी लागून म्हणाला, "बघ, कानात वारं शिरलेली वासरं!" मी इतकी हसले की रखवालदाराने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. पूल झाला. आणि मामा सवयीने नाट्यगृहाच्या रस्त्याला लागला. रस्ता खोदलेला नव्हताच. गुळगुळीत होता, नुकता डांबर घातलेला.

"म्हणे रस्ता खोदलाय!" मामा खूश झाला आणि आमच्याकडे तोंड करून उलटा चालू लागला. "मंडळी, माझ्या मागे जे आहे ते या शहरात दुसरीकडे कुठे सापडणार नाही."

मी त्याच्या खांद्यावरून पुढे पाहिलं.

तिथे काही नव्हतं. म्हणजे गाड्या होत्या. सपाट जमीन, तिच्यावर पांढरे पट्टे, आणि पट्ट्यांच्या मध्ये नीट लावलेल्या चकचकीत गाड्या. एक दगड नाही, एक फळी नाही. इथे कधी काही होतं असं कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

मामा चालत होता आणि बोलत होता. वडील, दोर, वेटोळ्यावरची झोप. पाहुण्यांचे डोळे मोठे झाले. कोणी एकमेकांकडे बघितलं. एका बाईंनी तोंडावर हात ठेवला. मामाने ती तोंडं पाहिली आणि आणखी खुलला. त्याला वाटलं, आज गोष्ट रंगतेय. ज्या तोंडांवर तो जन्मभर मागचा खड्डा वाचत आला, तीच तोंडं त्याने त्या दिवशी चुकीची वाचली. मला हे कळत होतं, सगळं कळत होतं, आणि तरी मी त्याला थांबवलं नाही.

तो नेमका जागेवर थांबला. "आता टाळ्या मंडळी! टाळी ऐकल्याशिवाय आमचं दार उघडत नाही."

कोणी हललं नाही.

"अरे, सकाळचा नाश्ता नाही का मिळाला? जोरात!"

एका म्हाताऱ्या गृहस्थांनी टाळी वाजवली, बिचाऱ्यांना दुसरं काही सुचलं नसावं. मग एकेक करत सगळ्यांनी वाजवल्या. आणि देवाशपथ सांगते, मीसुद्धा वाजवल्या.

मामाने खिशातून किल्ली काढली, हात पुढे केला आणि वळला.

त्याचा हात तसाच राहिला, कुलपाच्या उंचीवर, हवेत. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. गाड्यांचा रखवालदार लगबगीने आला.

"काका, कुठली गाडी काढायचीय?"

"दार कुठे गेलं?" मामाने त्याला विचारलं.

"कुठलं दार?"

तेवढ्यात ताई हॉटेलच्या मागच्या फाटकातून धावत आली. तिला कोणीतरी वरच्या खिडकीतून पाहून सांगितलं असणार. ती येऊन उभी राहिली, धापा टाकत, गणवेशाचं जाकीट एका खांद्यावरून घसरलेलं.

"कधी पाडलं?" मामा म्हणाला.

"तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा."

"मी रोज तुला विचारत होतो."

"डॉक्टर म्हणाले होते बाबा. धक्का बसता कामा नये म्हणाले होते."

"मग हा काय बसला?"

ताई रडायला लागली. मामाने तिला गप्प केलं नाही. "तुझ्या आईला माहीत होतं?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"आत्याला?"

आत्या म्हणजे माझी आई. ताईने पुन्हा मान हलवली, आणि आता धक्का बसायची पाळी माझी होती. आईने मला इकडे पाठवताना डबा दिला होता, मामासाठी स्वेटर दिला होता. एक शब्द सांगितला नव्हता! मला इतका संताप आला की मी मोठ्याने "शी!" म्हणाले, आणि कोणी माझ्याकडे पाहिलंही नाही.

मामा ताईच्या तोंडाकडे बघत राहिला. पाहुण्यांकडे बघायचा तसा, काही चुकू नये म्हणून.

"माझ्या मागे..." तो म्हणाला. मला वाटलं, झालं, याचं डोकं फिरलं, आता हा ठिकाणाची माहिती सांगायला लागणार. "माझ्या मागे आणखी काय काय झालंय, ते एकदाच सांगून टाक."

मागच्या फाटकातून दोन पाहुणे कानात यंत्रं घालून बाहेर पडले आणि कोणाला काही न विचारता बरोब्बर पुलाच्या दिशेने वळले. ताईची नजर त्यांच्याकडे गेली आणि झटकन परत आली. मग ती हसली, रोज संध्याकाळी हसायची तसंच. मला नंतर कळलं की मामाच्या जागी ही यंत्रं आणायचं हॉटेलात केव्हाच ठरलं होतं, आणि आजची ही एक फेरी ताईने साहेबांचे पाय धरून मिळवली होती, शेवटची म्हणून.

मामाला ते कोणी सांगावं लागलं नाही. या वेळी त्याला ते तोंड वाचता आलं. त्याने छातीवरचा हॉटेलचा बिल्ला काढून ताईच्या हातात दिला. किल्ली मात्र परत खिशात टाकली. "बाबा," ताई म्हणाली. "मामा, थांब ना रे," मी म्हणाले.

तो वळला आणि सरळ चालायला लागला, चारचौघं चालतात तसा, समोर बघत. रागावून गेले तरी तोंड आपल्याकडेच असतं, असं मामी म्हणायची. मामा पार कोपऱ्यापर्यंत गेला, आणि आम्हाला त्याची फक्त पाठ दिसत होती.