तुनं पाह्यलं काय?

बोरी अरब गावात एका बाईंचं शिवणाचं दुकान होतं. दर शनिवारी ते बंद ठेवून त्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना निबंध शिकवायला येत, फुकट. गाइडातलं वाक्य दिसलं की विचारत, "हे तुनं पाह्यलं काय?" पोरगं नाही म्हणालं की वाक्यावर फुली. मास्तर म्हणून मला पोरांच्या मार्कांची धास्तीच वाटे.

त्या साली कापसाचे भाव पडले होते. एका शनिवारी तपासणीला आलेल्या साहेबांनी निबंधाला विषय दिला, कापूस. एक पोरगी उभी राहून वाचू लागली, "भाव नाही म्हणून कापूस घरातच भरला हाय. आम्ही त्याच्यावरच झोपतो. रातभर अंग खाजते."

साहेब हसले. "अगं, कापूस म्हणजे पांढरं सोनं!"

"साहेब, तुमी त्याच्यावर झोपून पाह्यलं काय?"

मागच्या बाकावरून बाईंनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, जत्रेतल्या कुस्तीला मारतात तशी.