बनाबाईच्या अंगातले जागले

टेकडीवरच्या देवीची वाट अर्धी सरली आणि बनाबाई निंबाच्या सावलीला बसली. नवरात्राचा उपास, पाय अनवाणी, अन् ऊन कसं चटके देणारं. गावच्या बाया पुढे निघून गेल्या होत्या. मागे राहिली ती शेजारीण चांगुणा.

"काय व, देवी आत्तापासूनच येऊन राह्यली का?" चांगुणा हसली.

बनाबाई हसली नाही. तिच्या गळ्यावर लाल गांधी उठत होत्या.

गाव वर्षानुवर्षं हेच पाहत आलं होतं. आरतीच्या गर्दीत, कापराच्या धगीत बनाबाईचा चेहरा लालबुंद व्हायचा, अंग थरथरायचं आणि ती कोसळायची. देवी अंगात असताना माणसाला धरायचं नाही, म्हणून कुणी उचलत नसे. बाया मळवट भरत, ओटी भरत, पोरीच्या लग्नाचं विचारत. पायांवर डोकं ठेवायला पहिली चांगुणाच. शुद्धीवर आल्यावर बनाबाईलाही वाटे, आईची कृपाच आपल्यावर.

पण यंदा वावरात बनाबाईला गांधीलमाशी चावली तेव्हा ना आरती होती, ना कापूर. ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, तशीच पडली, श्वास कोंडला. रामरावांनी, तिच्या नवऱ्याने, अकोल्याला नेलं म्हणून वाचली.

"डॉक्टरीनबाई काय म्हने मंग?"

"आंगात मास्ट पेशी असतात म्हने. साऱ्यायलेच असतात. वावरातल्या जागल्यावानी. रानडुक्कर आलं का जागल्या फटाके फोडते ना, तशा त्या जंतू आला का फोडतात. माह्या आंगात लय झाल्या. ऊन लागलं तरी साऱ्या एकदमच फोडतात. मंग बीपी उतरते. एखाद्या वक्ती उठनारच नाही म्हने."

चांगुणाचा आवाज बारीक झाला. "म्हंजे देवी येतच नव्हती?"

बनाबाईने टेकडीकडे पाहून हात जोडले. "ते तिले मालूम."

"मंग आज कायले आली व?"

"नवरात्रात आईच्या पाया न पडता घरी बसू? बाहीरच बसतो, पन भेव वाटते."

वर ढोल वाजू लागले. बनाबाईने पिशवीतून डॉक्टरीनबाईंनी दिलेलं पेनाएवढं इंजेक्शन काढून चांगुणाच्या हातात दिलं.

"मी पडली त बाया तुले अडवतील, देवीले सुई टोचते का म्हनतील. तू आयकू नको. टोपन काढ, लुगड्यावरूनच मांडीत खुपस, अन् दवाखान्याची गाडी बोलाव. पाय धरशील त वर उचलाले धर, चांगुणे. डोकं नको ठेवू."