चांगुणाबाईंचं नाक आणि आमची सोनी

चांगुणाबाई आमच्या कवठ्याच्या पशुसखी, म्हणजे डॉक्टर यायच्या आधी गोठ्यात पोचणाऱ्या. पायात बूट, पिशवीत थर्मामीटर. नवऱ्याला रांजणगावच्या बसमध्ये बसवलं की गोठे बघत निघायचं, हा रोजचा नेम. पण त्यांचं खरं हत्यार म्हणजे नाक.

श्रावणात आमच्या सोनीनं घास सोडला. डोळ्यांतून पाणी, दूध निम्म्यावर, मग मानेवर सुपारीएवढ्या गाठी. सोनी आठ महिन्यांची गाभण. मला वाटलं, देवी आली. आमच्याकडची रीत अशी की देवी आली की फोडणी द्यायची नाही, औषध करायचं नाही, बाहेर बोलायचं नाही. मी गोठ्याला लिंबाचा पाला बांधला, गाईला हळदकुंकू वाहिलं आणि कढई पालथी घातली. आमचे हे, साहेबराव, दोन दिवस उकडलेली भाजी गुमान जेवले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "देवी गाईला आलीय का मला?"

त्याच सकाळी चांगुणाबाई दारात. "जय भीम, वैनी. तीन दिस तुमच्या घरातनं फोडणीचा वास न्हाई. बारकं पोर तर न्हाई तुमच्यात. मंग देवी आली कुणाला? गाईलाच ना?"

त्या सरळ गोठ्यात गेल्या. ताप एकशे पाच. गाठ चिमटीत धरून म्हणाल्या, "वरवरची न्हाई, खोल हाय. लम्पी दिसतीय. माश्या, डास पसरवत्यात हिला."

"आणि देवी कोपली तर?" मला रडूच आलं.

"एवढं मोठं देऊळ सोडून येमाई तुमच्या गोठ्यात कशाला यील राह्यला?"

रडता रडता मला हसू फुटलं.

दुपारी डॉक्टर आले. ताप कधीपासून, हे मी दुधाच्या वहीत दूध कधी घटलं ते बघून सांगितलं. त्यांनी रक्त आणि खपली तपासणीला पुण्याला पाठवली, सुई टोचली आणि सोनीला दुसऱ्या गाईंपासून लांब, मच्छरदाणीत बांधायला लावलं. चांगुणाबाई बोळातल्या सगळ्या गाई चाचपत फिरल्या. हौसराव मामांच्या कालवडीलाही गाठी होत्या, मामांचा चेहरा उतरला. बाई म्हणाल्या, "ही गोचिडं चावल्यात, मामा. गाय धुवा जरा. सोताबी धुवा."

चार दिवसांनी पुण्याहून कळलं, सोनीला लम्पीच होती. तोवर तिचा ताप उतरला होता. पुढं गाठी वाळल्या. बोळात दुसरी गाय आजारी पडली नाही.

भादव्यात सोनी व्याली. कपाळावर पांढरा चांद असलेली कालवड झाली. मी आधी येमाईची ओटी भरली आणि एक खण घेऊन चांगुणाबाईंकडे गेले.

"वटीबिटी ऱ्हाऊ द्या, वैनी. वासराला पोटभर पाजलं का?"

"पाजलं. उड्या मारतंय."

"मंग उरलेल्या चिकाचा खरवस करा. मी भांडं घिऊनच येते."

भांडं म्हणजे त्यांनी चांगलं पातेलं आणलं.