रुमालाखाली साहेबाचा हात

अण्णानं शेवटचं पाणी मागितलं असेल, ते तिथं कुणाला कळलं असेल का?

तार घेऊन आलेल्या पोस्टमनला मी हे विचारलं. त्यानं सायकल वळवली. शाळेच्या मास्तरांना विचारलं, त्यांनी चष्मा पुसायला घेतला. वडिलांना, आप्पांना विचारलं, तर ते मागावर वाकून तुटलेला धागा जोडायला लागले. धागा तुटलाच नव्हता! माझा थोरला भाऊ अण्णा पलटणीतून बोटीत बसून इटलीला लढाईवर गेला, जखमी झाला आणि तिथल्याच कुठल्याशा दवाखान्यात वारला. तारेत एवढंच होतं. आई उठता-बसता तेच विचारायची, "माझ्या लेकराचं बोलनं कळलं असंल का रं कुनाला?"

इथंच गप्प बसलो असतो तर आज तुमच्यापुढं माझी फजिती सांगायची पाळी आली नसती. पण मी कसला गप्प बसतोय! माझे पाय आधी निघतात, डोकं मागनं धापा टाकत येतं.

झालं काय, शहापूरच्या न्हाव्यानं हजामत करता करता बातमी दिली.

"पलटणीत दुभाषी पायजेत म्हनं. परदेशाला नेत्यात."

"दुभाषी म्हंजे काय करायचं?"

"नुसतं बोलायचं. ह्याचं त्याला सांगायचं, त्याचं ह्याला."

"बंदूक?"

"बंदूक न्हाई."

नुसतं बोलायचं! अहो, ते तर मी जन्मापासून फुकट करत आलोय. अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो. दुभाषी व्हायचं, इटलीला जायचं, तो दवाखाना शोधायचा आणि तिथल्या लोकांना त्यांच्याच भाषेत विचारायचं, बाबांनो, माझ्या भावाचं शेवटी काय झालं? बेत अगदी पक्का. एवढंसं राहिलं होतं, ती भाषा यायची होती.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या वडगावाला माहीत झालं. आई शेजारणींना सांगायला लागली, "धाकटा इचारून येणार हाय." आता माघार घ्यायची सोयच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी पलटणीच्या कॅम्पात. खांद्यावर माझा लाल रुमाल, तेल लावून बसवलेले केस, एका गालावर दाढी. टेबलामागं एक गोरा साहेब आणि बाजूला साताऱ्याकडचा हवालदार.

"कुठल्या भाषा येत्यात रं?" हवालदारानं विचारलं.

"मराठी, कानडी, हिंदुस्थानी, कोकणी."

"ह्यातली परकी कुठली?"

घ्या! आमच्या गल्लीत ह्यातली कुठलीच परकी नाही. सासू मराठीत ओरडते, सून कानडीत उलटं बोलते आणि भांडण मात्र अगदी बिनचूक होतं. तिथं दुभाष्याला कुत्रं विचारत नाही.

"परकी न्हाई," मी म्हणालो, "पर शिकायला कितीसा येळ लागतोय? कोकणी मी लोंढ्याला शिकलो. गाडीला उशीर हुता, तेवढ्यात."

हवालदाराच्या मिशा हलल्या. "लिहायला-वाचायला?"

"तिसरीत गेलतो."

"पास?"

"गेलतो, म्हटलं की!"

"मग इटलीच कशापायी रं? दुसरा मुलूख न्हाई व्हय?"

तेव्हा मी अण्णाचं सांगितलं. हवालदाराच्या मिशा थांबल्या. त्यानं वळून साहेबाला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. साहेबानं टोपी काढली, उठून उभा राहिला आणि टेबलावरून आपला उजवा हात माझ्यापुढं धरला.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजणार? मी दोन वर्षं निपाणीला तंबाखूच्या दलालाच्या हाताखाली काढलेली. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. समोरच्यानं हात पुढं केला की त्यावर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं धरून भाव सांगायचा. जेवढी बोटं, तेवढे दहा. पटलं नाही की तो हात ओढतो. मी मनात म्हटलं, शाब्बास! साहेब बाजारातला दिसतो. पगाराचं बोलायला उठलाय!

टाकला रुमाल.

आणि साहेबाची पाचही बोटं गच्च धरली. पन्नास.

साहेबानं हात ओढला. महाग वाटलं बिचाऱ्याला! मी चार बोटं धरली. त्यानं जोरात ओढला. बाप रे, कसला चिवट माणूस! तीन. साहेबाचा चेहरा टोमॅटोसारखा. दोन. तो हवालदाराकडं बघून काहीतरी ओरडला. मला घाम फुटला. गिऱ्हाईक उठून चाललं, इटली हातची चालली! एक. तरी तो ओढतोच!

मग म्हटलं जाऊ दे. साहेबाची बोटं मिटवून त्याची मूठ केली. म्हणजे फुकट. निपाणीच्या बाजारात स्वतःचा भाव असा मातीत घालणारा दलाल अजून जन्मला नाही. रुमाल उडवला, साहेबाच्या हातावर फाडकन टाळी दिली आणि ओरडलो, "सौदा पक्का!"

दोन शिपायांनी मला दोन बाजूंनी धरलं.

"अरं येड्या!" हवालदार कपाळावर हात मारून म्हणाला. "तुझा भाऊ गेला म्हनून साहेब दुःख सांगत हुता. त्यांच्यात हात हातात घेत्यात!"

धरणी फाटत नाही हो अशा वेळी. मी किती वाट बघितली!

हवालदारानं साहेबाला सगळं समजावलं असावं, कारण साहेबानं शिपायांना बाजूला केलं. मी म्हटलं, आता आलोच आहे तर विचारून घेतो. हवालदाराला म्हणालो, "मामा, एवढंच इचारा. माझ्या भावाचं बोलणं तिथं कुणाला कळलं असंल का?"

हवालदारानं विचारलं. साहेब बोलायला लागला. हळू, थांबत थांबत, खिडकीबाहेर बघत. बराच वेळ बोलला. मधेच घसा खाकरला, परत बोलला.

"काय म्हणत्यात?"

हवालदार माझ्याकडं न बघता म्हणाला, "घरी जा म्हणत्यात."

"एवढं लांब बोलले की!"

"तेवढंच. जा, पोरा."

घरी आलो. आई उंबऱ्यातच उभी.

"भेटला साहेब?"

"भेटला."

"इचारलास?"

"इचारलो."

"काय म्हनला?"

'घरी जा म्हणाला,' असं सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "लई बोलला. दवाखान्यात एक बाई हुती म्हनं. अण्णानं पाणी म्हटल्याबरोबर तिला कळलं. तांब्या भरून आणली."

"गार हुतं?"

"गार. हिरीचं."

"तिकडं हिरी हायत?"

"लई. पायऱ्यांच्या."

आईनं पदरानं तोंड पुसलं. मग आत बघून मोठ्यानं म्हणाली, "ऐकलासा? तिसरीत बसला म्हनून मारत हुतासा ह्याला! साहेबाचं सगळं इंग्रजी कळलं माझ्या पोराला!"

आप्पा बाहेर आले. माझ्यासमोर खाली बसले आणि अगदी हळू विचारलं, "आनि काय म्हनला रं साहेब?"

मीही खाली बसलो आणि पुढचं सांगायला लागलो.