माझं बी-ट्वेल्व्ह आणि काकींची म्हैस

हिंजवडीजवळच्या नांदे गावात राहायला आलो तेव्हा माझ्यापाशी मिरवण्यासारखं काही नव्हतं. मी परभणीकडचा. हिंजवडीतल्या एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम करत होतो. सोबतीला नागपूरकडचा एक मित्र होता. आम्ही दोघं एका शेतकरी कुटुंबाच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहायचो. मालकीणबाईंना आम्ही काकी म्हणायचो, आणि त्या आम्हा दोघांनाही भाऊच म्हणायच्या. कोणत्या भाऊला हाक मारलीय हे आवाजाच्या पट्टीवरून ओळखायचं. चढी पट्टी बहुधा माझ्यासाठी असे.

२००७ चा हिवाळा असावा. मी सारखा दमायचो. पण प्रत्येक गोष्टीचं श्रेय घ्यायची मला जन्मजात सवय. पँट ढिली झाली तेव्हा म्हटलं, सकाळी शेजारच्या चांदे गावाच्या रस्त्याने चालायला जातो त्याचं फळ. (गेलो असेन चारदा.) अर्ध्या भाकरीत पोट भरायला लागलं तेव्हा वाटलं, आपला जिभेवर ताबा आला. डाव्या बरगडीखाली काहीतरी जड लागायचं. ते स्नायू तयार होत असतील असं मी मानलं. कोणत्या व्यायामाने, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. दिवसभर चुका शोधून पोट भरणाऱ्या माणसाला स्वतःच्या अंगातली एकही चूक दिसू नये, हे माझ्या नोकरीविषयीही बरंच काही सांगतं.

त्या सुमारास ऑफिसात बी-ट्वेल्व्हची साथ होती. म्हणजे ते कमी असण्याची. जो तो दंडाला बोळा लावून इंजेक्शन घेऊन यायचा. मग एका लॅबवाल्यांनी कँटीनमध्येच टेबल मांडलं आणि बी-ट्वेल्व्ह आणि डी अशा दोन जीवनसत्त्वांची तपासणी करून दिली. मी आणि मित्र एकामागोमाग बसलो. तो आठवड्यातून तीनदा कोंबडी हाणणारा, मी अंड्याचा वास आला तरी खिडकी उघडणारा. "तुझं तं काहीच निघणार नाही बे," तो म्हणाला.

रिपोर्ट आले. त्याचं बी-ट्वेल्व्ह तळाला गेलेलं. माझं मात्र इतकं, की आकडाच नव्हता. यंत्राची मोजायची हद्द छापलेली होती आणि पुढे 'पेक्षा जास्त' अशी खूण. यंत्राने माझ्यापुढे हात टेकले होते! डी मात्र माझं अगदीच कमी होतं, पण तो भाग कागदाच्या खालच्या बाजूला होता. मी कागद बरोबर त्याच्या वर दुमडला आणि खिशात घालून ऑफिसभर फिरलो.

"काय बे, गोठा गिळून बसला का तू?" मित्राने विचारलं.

तिथूनच मला कारण सुचलं. काकींची म्हैस. रोज सकाळी त्या मला तांब्याभर दूध द्यायच्या आणि जेवताना वाडगाभर दही. बाकी मी वेगळं काय खात होतो? झालं. पुढचे काही आठवडे मी कँटीनमध्ये शाकाहारावर व्याख्यानं दिली. आतड्यातले जिवाणू, दह्याचं विरजण, म्हशीचा चारा या विषयांत मी एका रात्रीत तज्ज्ञ झालो. लोक गंभीरपणे ऐकायचे. जवळच्या जांबे गावात राहणारे ऑफिसातले दोघं तर मोटरसायकलवरून किटली घेऊन काकींच्या दारात आले.

काकींना मीच सांगितलं होतं, "काकी, तुमच्या दुधाने माझं जीवनसत्त्व मशिनच्या बाहेर गेलंय."

"मंजी चांगलं का वाईट?"

"अहो, एक नंबर!"

"मग आमच्या म्हशीचं दूध हायेच तसं," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून म्हशीच्या पुढ्यात चाऱ्याची एक पेंढी जास्त पडायला लागली, आणि आल्यागेल्या बायकांना काकी माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, "ह्ये बगा, ह्यांच्या रक्ताला मशीन पुरंना." मी नम्रपणे मान खाली घालायचो. आजही त्या नम्रतेची आठवण आली की कानाच्या पाळ्या गरम होतात.

मग एक दिवस जिना चढताना मला धाप लागून मधल्या पायरीवर बसावं लागलं. मित्राने मला दंडाला धरून कंपनीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर वयस्क, आठवड्यातून एकदा येणारे. मी आधी माझा तो मौल्यवान कागद त्यांच्यापुढे ठेवला. धापेचं सांगण्याआधी आपली योग्यता कळलेली बरी.

त्यांनी कागद पाहिला. दुमडलेला भागही उलगडून पाहिला.

"गोळ्या, इंजेक्शन काही घेता?"

"छे! निव्वळ दही," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. मला पलंगावर आडवं करून त्यांनी पोटाच्या डाव्या बाजूला हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. माझे स्नायू त्यांना लागलीच सापडले. ती वाढलेली प्लीहा होती. "रक्तातल्या पेशींची तपासणी आजच करा," ते म्हणाले, "आज म्हणजे आजच."

पांढऱ्या पेशी लाखांच्या घरात निघाल्या. मग पुण्यातलं एक इस्पितळ, कमरेच्या हाडातून काढलेला नमुना, जनुकांची तपासणी. शेवटी रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरबाईंनी मला आणि मित्राला समोर बसवून सांगितलं की हा रक्ताचा कॅन्सर आहे. हळू चालणाऱ्या जातीचा आहे, रोज गोळी घ्यावी लागेल, आणि बहुतेकांना ती लागू पडते. मित्राने खुर्चीचा हात घट्ट धरला. मला त्या क्षणी विचारण्यासारखा एकच प्रश्न सुचला.

"पण माझं बी-ट्वेल्व्ह?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "त्याचं काय?"

"ते इतकं चांगलं आहे."

मग त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. या आजारात वाढलेल्या पांढऱ्या पेशी एक प्रथिन भरमसाट तयार करतात. ते प्रथिन बी-ट्वेल्व्हला धरून ठेवतं, म्हणून ते रक्तात साचून राहतं. "तपासणीत आकडा फुगलेला दिसतो. तो आजाराचा आकडा आहे. तुमच्या तब्येतीचा नाही."

"म्हणजे दही..."

"दह्याचा काही संबंध नाही."

आजाराची भीती रिक्षात बसल्यावर वाटली. आईला फोन कसा करायचा ते कळेना. पण त्याआधी, त्या खुर्चीत, मला पहिल्यांदा जे वाटलं ती शरम होती. आता कँटीनमध्ये कोणत्या तोंडाने जायचं? मरणाच्या बातमीशेजारी माणसाला असल्या गोष्टी सुचतात. निदान मला सुचल्या.

आईला सांगितलं. ती परभणीहून यायला निघाली. काकींना सांगायचं काम मित्राने केलं, आणि सरळ सांगण्याचा त्याचा स्वभाव असल्यामुळे त्याने ओट्यावर उभं राहून सांगितलं, "काकी, याला रक्ताचा कॅन्सर निघाला. ते बी-ट्वेल्व्ह वाढलं होतं ना, ते त्याच्यामुळेच."

दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. खिडकीतून पाहिलं तर काकी धारेची चरवी उकिरड्यावर पालथी करत होत्या. म्हैस मान वळवून पाहत होती. मी चपला न घालताच बाहेर गेलो.

"काकी, काय करताय हे?"

"तुमीच म्हनला व्हता, आमच्या दुधानं वाढलंय." त्यांचे डोळे लाल झाले होते. "आन् आता म्हनत्यात त्येच्यामुळं कॅन्सर. आमी त्या जांब्याच्या पोरांना बी पाजलं वो. आमच्या नातवंडांना पाजलं."

मी समजावलं. प्रथिन, पेशी, आकडा, सगळं सांगितलं. ज्या तोंडाने मी आतड्यातल्या जिवाणूंवर बोललो होतो तेच तोंड, आणि काकींचा त्याच्यावरचा विश्वास उडाला होता. "तुमी तवा बी असंच बोलत व्हता," त्या म्हणाल्या.

शेवटी पुढच्या तपासणीला मी त्यांनाच सोबत नेलं. नव्या लुगड्यात, चपला हातात धरून त्या डॉक्टरबाईंच्या खोलीत शिरल्या. ("अवो, फरशी लई सोच्छ हाय.") बसल्याही नाहीत.

"बाई, खरं सांगा. आमच्या म्हशीच्या दुधानं ह्यास्नी झालं का?"

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"थोडं बी न्हाई?"

"अजिबात नाही. दुधाने हा आजार होत नाही. आणि तुमच्या दुधाने यांचं बी-ट्वेल्व्हही तसं वाढलेलं नव्हतं. हे जे काही बोलत होते ते यांनी मनाने रचलेलं होतं."

काकींनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मनानं रचलेलं व्हय?" आणि खुर्चीत बसून त्यांनी हसायला सुरुवात केली. डॉक्टरबाईही हसल्या. मी तिथे रोगी म्हणून गेलो होतो, पण त्या खोलीत माझी विचारपूस बराच वेळ कोणी केली नाही.

निघताना बाईंनी सांगितलं की गोळी जेवणानंतर घ्यायची, भरपूर पाण्यासोबत. आणि डी कमी आहे, त्यासाठी औषध देते, पण रोज थोडं ऊनही खा. काकींनी तेवढंच पकडलं. "उनाचं माज्याकडं लागलं," त्या म्हणाल्या.

गोळी लागू पडली. पहिले काही महिने मळमळायचं, पोटऱ्यांत गोळे यायचे आणि डोळ्यांखाली सूज येऊन मी बेडकासारखा दिसायचो. पांढऱ्या पेशी उतरल्या, प्लीहा बरगडीखाली गेली. त्यांच्याबरोबर बी-ट्वेल्व्हही उतरत गेलं. प्रत्येक रिपोर्टला बाई म्हणायच्या, "छान," आणि मला आपलं उगाच काहीतरी हातचं गेल्यासारखं वाटायचं. इतका मी सुधारलो होतो. वर्षभराने ते हवं त्याच्याही खाली गेलं तेव्हा बाईंनी इंजेक्शन लिहून दिलं. मित्र पेढे घेऊन आला. "आता आला आमच्यात," म्हणाला. त्यातले निम्मे त्यानेच खाल्ले.

उन्हाची व्यवस्था काकींनी चोख ठेवली. आई महिनाभर राहिली, आणि ती गेल्यावर तर काकींना कोणी अडवायलाच नव्हतं. सकाळचं ऑफिस उशिरा असायचं, तेव्हा अंगणात वाळत घातलेल्या भाताशेजारी त्या मला लाकडी खुर्ची टाकून द्यायच्या. "नुस्तं बसू नगा, कोंबड्या हाका." मी लॅपटॉप मांडीवर घेऊन चुका शोधायचो आणि मधूनमधून "हुश्श" करायचो. कोंबड्यांना माझी भीती कधीच वाटली नाही.

२००९ च्या सुगीपर्यंत शेजारचं शेत विकलं जाऊन तिथे सात मजली इमारत उभी राहिली होती. तिची सावली अंगणातून दहा-अकरापर्यंत हलायची नाही. काकींनी कमरेवर हात ठेवून तिच्याकडे पाहिलं, दोन शिव्या दिल्या आणि भात गच्चीवर न्यायचं ठरवलं. आपल्या मुलाला बोलवायला निघाल्या तेव्हा मी म्हटलं, मी नेतो.

"तुमी?"

मी भाताचं अर्धं पोतं खांद्यावर घेतलं. जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबलो. धाप आली आहे का ते पाहायला, बाकी काही नाही. आली नव्हती. वर जाऊन पोतं ओतलं, हाताने पसरलं आणि खाली उतरून दुसरं घेतलं. ते पूर्ण भरलेलं होतं. ते मात्र मला उचलेना, मग काकींनी खालून टेकू दिला आणि आम्ही दोघांनी ते ओढत, कुंथत, एकमेकांवर ओरडत वर नेलं.

गच्चीवर ऊन लख्ख होतं. काकी पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "बसा आता हितं. कोंबड्या न्हाईत, पर चिमण्या लई हायेत."