मागच्या झाकणाची केबल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच, कारण दत्तू तिचा सख्खा धाकटा भाऊ. तुम्ही त्यातल्या कुणाला ओळखत नाही, म्हणून तुमच्यासमोर तोंड उघडतोय. आणि आधीच सांगतो, माझं डोकं फिरलेलं आहे. हा विषय निघाला की ते फिरतंच. कुणावर, ते पुढे कळेलच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सानपाड्याला माझं गॅरेज होतं. गॅरेज कसलं, चार पत्रे आणि एक खड्डा. दत्तू साताऱ्याकडून माझ्याकडे काम शिकायला आला होता. चांगला बाप्या माणूस, लग्न ठरायच्या बेतात. बायको म्हणाली, त्याला हाताखाली घ्या, घरचा आहे. घेतला. आणि खरं सांगू? पोरगा— नाही, पोरगा कसला, माणूस— माणूस कामाला वाघ होता. इंजिनाचा आवाज ऐकून खूश व्हायचा. स्वतःच्या पैशानं पान्यांचा सेट घेतला होता त्यानं, तो रोज पुसून फडक्यात गुंडाळून ठेवायचा.

तुर्भ्याच्या मार्केटातला एक मिरचीचा व्यापारी माझं गिऱ्हाईक. त्याचे सगळे टेम्पो माझ्याकडे यायचे. म्हणजे माझी चूल त्याच्या टेम्पोंवर पेटायची, असं म्हणा. या शेठनं कुठल्याशा जुन्या बंगल्यातून एक विलायती स्पोर्ट्स कार उचलली. दोन सीटची, लाल, जमिनीला पोट टेकवून चालणारी. दसऱ्याला पूजा करून तीत बसून मार्केटात एन्ट्री मारायची, हा त्याचा शौक. बरं, असू दे. पण गाडी आणली कुणाकडे? माझ्याकडे. असली गाडी मी जन्मात उघडली नव्हती. नाही जमणार म्हणायला काय जात होतं माझं? पण नाही. मोठेपणा आडवा आला.

तिचं इंजिन मागं. मागचं झाकण उघडायचं तर ड्रायव्हरच्या सीटजवळचं हँडल ओढायचं. तिथून एक केबल गाडीच्या पोटातून मागच्या खिटीपर्यंत जाते आणि ती सोडवते. केबल म्हणजे काय, बारीक तारांचा पीळ. हे एवढंच नीट लक्षात ठेवा, बाकी काही नाही कळलं तरी चालेल.

त्या दिवशी सकाळपासून झाकण उघड-मीट करून मी वैतागलो होतो. इंजिन एका लयीत लागेना. दुपारी शेठ गाडी बघायला येणार, त्याचं टेन्शन वेगळं. दत्तू प्लग आणायला वाशीला गेला होता. मी एकटाच. हँडल ओढलं, झाकण उघडेना. परत ओढलं. मग शिवी हासडली आणि पाय टेकवून असं खसकन ओढलं की—

तुटली. आत कुठेतरी कट्कन आवाज आला आणि हँडल सैल पडलं.

आता इथं एखादा सरळ माणूस काय करेल? कपाळावर हात मारेल, शेठला फोन करेल. मी काय केलं? तार परत नळीत सारली. हँडल होतं तसं बसवलं. वरून काही कळत नव्हतं. आणि हात धुऊन चहा मागवला.

दत्तू आला. मागोमाग शेठ आला. म्हणाला, इंजिन दाखव. आणि मी म्हणालो, “दत्तू, झाकण उघड.”

त्यानं बोटांनी, अगदी हळू ओढलं. नव्या सुनेनं ताटावरचा रुमाल उचलावा तसं. हँडल तारेसकट त्याच्या हातात आलं. तो ते धरून उभा राहिला. आधी हँडलकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“दाजी, म्या जोरात न्हाई वढलं.”

शेठ त्याच्यावर तुटून पडला. त्याच्या गावाचा, अकलेचा, सगळ्याचा उद्धार केला. आणि मी गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी गप्प बसलो नाही. मी शेठपेक्षा मोठ्यानं ओरडलो. “हात आहे का कुऱ्हाड?” म्हणालो. ते हँडल हिसकावून घेतलं.

घेतलं आणि तुटलेलं टोक दिसलं. ऐका आता. त्या पिळातल्या जवळजवळ सगळ्या तारा गंजून कधीच्या तुटलेल्या होत्या. चार-दोन काय त्या चकचकीत, ताज्या. म्हणजे ती केबल मरायलाच टेकली होती. आज नाही तर उद्या, कुणाच्याही हातात गेली असती. टोक शेठच्या नाकासमोर धरून म्हणायचं होतं, बघा, जुनी होती, कुणाचा दोष नाही. संपला विषय. दत्तू सुटला असता, मीही सुटलो असतो.

मी पाठ फिरवून पक्कड घेतली आणि ते टोक छाटून टाकलं. का, ते मला विचारू नका. बहुतेक एकदा खोटं सुरू केलं म्हणून. त्याच हातानं उरलेली तार हँडलसकट दत्तूला दिली आणि म्हणालो, हा नमुना, जा शोध.

स्कूटरची क्लच वायर टाकून मी ते काम तासाभरात केलं असतं. सगळे करतात. पण शेठला जुगाड नको होता, असलीच पाहिजे. म्हणून दत्तू निघाला. कुर्ल्याचं भंगार पालथं घातलं, चोरबाजार झाला. ती केबल, टोकाची गुंडी, खिटीजवळची कॉलर, सगळं एकाच मापाचं हवं, आणि लोक त्याला हसून परत पाठवायचे. गणपतीला तो गावी गेला नाही. लग्नाची बोलणी होती, त्यांनाही गेला नाही. रोज संध्याकाळी काळाकुट्ट होऊन यायचा आणि बहिणीला म्हणायचा, माझ्यापायी दाजींचं गिऱ्हाईक तुटंल. बायको मला म्हणायची, अहो, त्याला काही बोलू नका हं. आणि मी मोठ्या मनानं म्हणायचो, नाही बोलत. काय म्हणावं मला? सांगा.

शेवटी त्याच्या गावचा एक ट्रेलरवाला न्हावा शेवाला माल वाहायचा, त्यानं उरणकडच्या एका भंगारवाल्याचा पत्ता दिला. तिथं बाहेरून आलेल्या गाड्यांचं भंगार होतं. त्या ढिगात दत्तूला जशीच्या तशी केबल मिळाली, गुंडी-कॉलरसकट, ग्रीसमध्ये माखलेली. आनंदानं धावत आला असेल असं वाटतंय ना तुम्हाला? तो गुपचूप आला, केबल माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, “तुमीच बसवा.”

मला त्याचा राग आला. हो, त्याचाच. एवढा कसा भोळा? एकदा तरी विचार ना, दाजी, खरंच माझ्यानं तुटली का? मान वर करून विचार. त्यानं विचारलं नाही. मी गाडीखाली पडून, आकडीनं खिटी ओढून झाकण उघडलं आणि केबल बसवली. झाकण मखमलीसारखं उघडलं.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा. पोत्यावर सगळे पाने, जॅक, पकडी मांडायच्या, हळद-कुंकू, झेंडू. जो तो आपापलं हत्यार मांडतो. दत्तूनं त्याचा सेट मांडला नाही. मी म्हणालो, अरे मांड की. तर म्हणाला, “माझ्या हाताला गुण न्हाई, दाजी. इस्कोट हुतोय.” बायको डोळे पुसत आत गेली. मी नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी शेठ हार घातलेल्या गाडीतून मार्केटात मिरवला. दिवाळीच्या आत दत्तू गावी परत गेला. पाने मला ठेवून गेला. ते मी वापरतो.

आता तो तिकडे एका शाळेत शिपाई आहे. लग्न झालं, उशिरा का होईना. परवा आम्ही दोघं नवरा-बायको त्याच्याकडे गेलो होतो. त्यांचा टेबलफॅन बरेच दिवस बंद होता. साधी वायर सुटली होती, कुणीही जोडली असती. त्याच्या बायकोनं सांगितलं, हे कशाला हात लावत नाहीत, म्हणतात मोडंल. मी फॅन उघडला, वायर जोडली. वारा आला. दत्तू बहिणीकडे बघून म्हणाला, “हात असावा तर दाजींसारखा.”

ती हसली. ताटं वाढली होती. मी जेवायला बसलो, आणि अजून एक भाकरी मागून घेतली.